केईएमच्या सिस्टर

दवाखान्यात आपण ‘सिस्टर’ अशी हाक मारतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या सिस्टरांनी ते नातं कसं निभावलं, ते आज सांगतो.

अरुणा शानबाग मूळची कर्नाटकातल्या हळदीपूरची. केईएममध्ये परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगारानं कुत्र्याच्या साखळीनं तिचा गळा आवळला, अत्याचार केला. मेंदूला प्राणवायू मिळेना. वय २५. ती पुन्हा उठली नाही. त्याला शिक्षा सात वर्षांची, तीही खुनाचा प्रयत्न आणि चोरी यांसाठी. अत्याचाराचा आरोपच लागला नाही! आमचा तो राग अजून गेलेला नाही.

परिचारिकांनी संप केला. अरुणाची नीट सोय करा, आम्हालाही सुरक्षितपणे काम करू द्या, ही मागणी. पुढं १९८०च्या दशकात खाट मोकळी करायला पालिकेनं तिला दोनदा हलवायला काढलं. दोन्ही वेळा त्या आडव्या आल्या.

जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या. तिला कामावर कधी न पाहिलेल्या मुलीही तिला भरवत, पुसत, कुशीवर वळवत. एवढ्या वर्षांत पाठीला जखम नाही. अंथरुणाला खिळलेलं माणूस ज्यांनी सांभाळलंय, त्यांना याचा अर्थ कळेल. ती आभार मानू शकत नव्हती. मासे भरवले की कधी हसायची, तेवढंच.

तिला दयामरण द्यावं, असा अर्ज सर्वोच्च न्यायालयानं ७ मार्च २०११ला फेटाळला. परिचारिकांची सेवा त्यात मोलाची ठरली. तिला असं जगवणं योग्य होतं का, यावर आमच्या गटात अजून दुमत आहे.

१८ मे २०१५ला ती गेली, केईएममध्येच.