पाच डॉलर कोणी मिळवले?

हेन्री फोर्डने आपल्या कामगारांचा रोज एका दिवसात दुपटीहून वर नेला, कारण गाडी बनवणाऱ्याला ती गाडी विकत घेता आली पाहिजे हे त्याने इतरांच्या आधी ओळखले होते. ही हकीकत आता इतकी रुळली आहे की सांगणारा पुरावा देत नाही आणि ऐकणारा मागत नाही. व्यवस्थापनाच्या वर्गात ती दूरदृष्टीचा नमुना म्हणून येते. किमान वेतनाचा आग्रह धरणारे तिचा हवाला देतात आणि उद्योगपतींची थोरवी गाणारेही तिचाच देतात. एकमेकांशी कधी न पटणाऱ्या दोन पक्षांना सारखीच सोयीची असलेली हकीकत जास्तच काळजीने तपासावी लागते. ती तपासल्यावर माझे ठाम मत झाले आहे की या पगारवाढीचे श्रेय भलत्याच माणसाच्या पदरात पडले आहे.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर त्याच्या खंडनाला किंमत राहत नाही. म्हणून आधी त्याचे बळ पाहू. ५ जानेवारी १९१४ रोजी डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्क कारखान्यात कंपनीचा खजिनदार जेम्स कझन्सने वार्ताहरांना कंपनीचे निवेदन वाचून दाखवले. फोर्ड तिथेच हजर होता. नऊ तासांसाठी २ डॉलर ३४ सेंट हा चालू दर होता. आता आठ तासांना ५ डॉलर मिळणार होते. 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने यावर टीकेची झोड उठवली, तरी कंपनी बुडाली नाही, उलट तिचा नफा वाढत गेला. मॉडेल टीची किंमत वर्षामागून वर्षे उतरत गेली आणि १९२७ पर्यंत दीड कोटी गाड्या तयार झाल्या. फोर्डने १९२६ च्या आपल्या पुस्तकात चांगली मजुरी आणि गिऱ्हाईक यांचा संबंध स्वतः स्पष्ट मांडला. एवढेच नव्हे, १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळल्यावर त्याने रोज ७ डॉलरवर नेला आणि लोकांची खरेदीची ताकद टिकली पाहिजे हेच कारण पुढे केले. कर्त्याचीच साक्ष हाताशी असताना आणखी काय हवे, असे पूर्वपक्ष विचारतो.

पहिले उत्तर साध्या गणिताचे आहे. १९१४ च्या आरंभी कंपनीत सुमारे १४ हजार कामगार होते. रोजी २ डॉलर ६६ सेंटची वाढ आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, तर माणशी वर्षाला ८०० डॉलर जास्त जातात; सगळ्यांचे मिळून १ कोटी १० लाखांच्या घरात. कंपनीने स्वतःही वर्षाला १ कोटी डॉलर वाटण्याचीच भाषा केली होती. आता या १४ हजारांपैकी प्रत्येकाने दरवर्षी न चुकता एक नवी मॉडेल टी घेतली असे समजू. त्या वेळी टूरिंग गाडीची किंमत ५०० डॉलरच्या आसपास होती. म्हणजे गल्ल्यात येणार ७० लाख, आणि त्यातला माल-मजुरीचा खर्च वजा जाता नफा त्याहून पुष्कळ कमी. ७० लाखांच्या विक्रीसाठी १ कोटी १० लाख खर्च करणारा व्यापारी मूर्ख ठरेल, आणि फोर्ड मूर्ख नव्हता. शिवाय दरवर्षी नवी गाडी कोण घेतो? कंपनीच्या उत्पादनाशी ताडून पाहिले तरी हे १४ हजार म्हणजे शेकडा पाच-सहा गाड्यांचे गिऱ्हाईक. आपल्याच कामगारांना माल विकून कोणताही मोटार कारखाना चालत नाही. हे कझन्ससारख्या पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला कोणी शिकवायला नको होते.

मॉडेल टी घेत होता तो प्रामुख्याने शेतकरी आणि लहान गावातला दुकानदार किंवा डॉक्टर. तिची उंच बांधणी आणि लवचिक स्प्रिंगा चिखलाच्या, खाचखळग्यांच्या रस्त्यांसाठीच होत्या. रोजंदारीवरच्या माणसाला गाडी परवडावी असे फोर्डच्या मनात खरोखर असते, तर त्याने सगळ्यात आधी हप्त्यांची सोय केली असती. पण उधारीचा त्याला तिटकारा होता. जनरल मोटर्सने १९१९ मध्ये गाडीसाठी कर्ज देणारी स्वतःची कंपनी काढली. फोर्डने १९२३ मध्ये आणलेल्या साप्ताहिक योजनेत गिऱ्हाइकाने आधी आठवड्याला थोडे थोडे पैसे साठवायचे आणि पूर्ण किंमत जमली की मग गाडी घ्यायची. कामगारवर्गाला मोटारीत बसवण्याचे काम पुढे हप्त्यांनी जास्त केले, आणि त्यात पुढाकार फोर्डचा नव्हता.

मग पाच डॉलर आले कुठून? त्यासाठी १९१३ या वर्षाकडे जावे लागते. रूढ हकीकत या वर्षाला अजिबात हात लावत नाही, आणि तिथेच तिची खरी लबाडी आहे.

१ एप्रिल १९१३ ला हायलंड पार्कमध्ये मॅग्नेटोची, म्हणजे इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या भागाची, जुळणी रांगेत सुरू झाली. तोवर एक कारागीर एक अख्खा मॅग्नेटो वीसेक मिनिटांत जोडत असे. आता प्रत्येकाने एकदोन भाग लावायचे आणि वस्तू पुढच्याकडे सरकवायची. हीच पद्धत चॅसीला लागू झाली आणि साडेबारा तासांचे काम काही महिन्यांत एक तास तेहतीस मिनिटांवर आले. तंत्राच्या इतिहासात या आकड्याचा मोठा दबदबा आहे आणि तो रास्त आहे. पण त्याच आकड्याची दुसरी बाजू माणसाच्या अंगावर येत होती. कामाचा वेग आता कारागिराच्या हातात राहिला नव्हता. साखळी ठरवील तो वेग. हातातले कसब निरुपयोगी झाले. बोलायला, बसायला, हात थांबवायला उसंत नव्हती. डेट्रॉइटमध्ये तेव्हा मोटारींचे इतर कारखाने होते, तिथे जवळपास तेवढ्याच पैशात जुन्या पद्धतीने काम चालत होते. माणसे फोर्डकडे येत, काही दिवस पाहत आणि निघून जात. नोटीस नाही, भांडण नाही. दुसऱ्या दिवशी खाडा आणि मग कायमचा खाडा.

त्या वर्षी कामगारांची गळती ३७० टक्के होती. चौदा हजारांच्या आतबाहेर माणसे कामावर टिकवण्यासाठी कंपनीला वर्षात ५० हजारांहून जास्त माणसे भरती करावी लागली. वर्षाअखेरीस १०० माणसांची खरी भर पडायला हवी असेल तर ९६३ जणांना कामावर घ्यावे लागे. त्याच सुमारास कंपनीने तीन वर्षे नोकरी झालेल्यांना बक्षीस द्यायचे ठरवले, तेव्हा सुमारे १५ हजारांतून जेमतेम ६४० जण पात्र निघाले. गळक्या रांजणात पाणी भरण्याचे हे काम होते, आणि ते करणाऱ्यांना ते कळत होते. म्हणून ऑक्टोबर १९१३ मध्ये जॉन ली या अधिकाऱ्याने वेतनाची नवी श्रेणी आखली, दर सरासरी १३ टक्क्यांनी वाढवले, मनमानी करणाऱ्या मुकादमांचे माणूस काढून टाकण्याचे अधिकार कमी केले. किमान २ डॉलर ३४ सेंट हा दर त्याच सुधारणेतला. म्हणजे पाच डॉलरच्या तीनच महिने आधी एक सभ्य, मापात बसणारी पगारवाढ करून झाली होती आणि ती पुरली नव्हती. दूरदृष्टीच्या गोष्टीत ही आधीची पायरी कधीच येत नाही.

इथे एक आक्षेप विद्वानांचा आहे आणि तो टाळण्यासारखा नाही. डॅनियल रॅफ आणि लॉरेन्स समर्स या अर्थशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये या प्रकरणाचा बारकाईने अभ्यास केला. अकुशल माणूस नव्याने शिकवायला फार खर्च येत नाही, तेव्हा केवळ गळती थांबवून वाचणारा पैसा एवढी मोठी वाढ भरून काढू शकत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. हे मला मान्य आहे. पण त्यामुळे गिऱ्हाइकाची उपपत्ती सावरत नाही. उलट कामगारांचे वजन आणखी वाढते. रॅफ यांनी पुढे जो मुद्दा काढला तो मला निर्णायक वाटतो. जुन्या पद्धतीच्या कारखान्यात पाच माणसे हटून बसली तर पाच माणसांचे काम अडते. सलग रांगेत पाच माणसे हटून बसली तर सगळा कारखाना अडतो. ज्या यंत्रणेने कारागिराला क्षुल्लक केले, तिनेच त्याच्या हाती मालकाची नस दिली. आणि हे धोके कल्पनेतले नव्हते. १९१३ च्या वसंतात आयडब्ल्यूडब्ल्यू या लढाऊ कामगार संघटनेचे वक्ते हायलंड पार्कच्या दारात सभा घेत होते. जूनमध्ये डेट्रॉइटमधल्या स्टुडबेकरच्या कारखान्यात संप झाला. नोकरी सोडून जाणारा आणि संपाची भाषा करणारा, असे दोन प्रकारचे नकार फोर्डच्या दारात एकाच वेळी उभे होते.

पाच डॉलर कशासाठी होते हे त्यांच्या अटींवरूनही दिसते. ते सरळ वेतन नव्हतेच. निम्मा भाग मजुरीचा आणि उरलेला नफ्यातला वाटा. वाटा मिळायचा तो सहा महिने टिकलेल्याला आणि कंपनीच्या समाजशास्त्रीय विभागाच्या कसोटीला उतरलेल्याला. या विभागाचे तपासनीस कामगारांच्या घरी जात. दारू पितो का, बचत किती, घरात भाडेकरू किती ठेवलेत, लग्न झाले आहे का, स्वच्छता कशी आहे, हे सारे टिपून घेत. स्त्री कामगारांना हा वाटा १९१६ पर्यंत मिळाला नाही. घोषणेनंतर आठवडाभरात, १२ जानेवारीला, गोठवणाऱ्या थंडीत फाटकाशी जमलेल्या हजारो बेकारांवर पाण्याचे फवारे सोडण्यात आले. आणि त्याच जानेवारीत ग्रीक आणि रशियन कामगारांनी आपल्या पंचांगाप्रमाणे नाताळ पाळला, तेव्हा सुमारे ९०० जणांना घरी बसवण्यात आले. भावी गिऱ्हाईक म्हणून पाहिले तर हे ९०० ग्रीक-रशियन इतरांइतकेच मोलाचे होते. हजेरी म्हणून पाहिले तर मात्र ते दोषी होते. कंपनी कोणत्या नजरेने पाहत होती हे तिने त्या दिवशी दाखवून दिले.

त्याच महिन्यात एका कामगाराच्या बायकोने फोर्डला लिहिलेले पत्र अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. नवरा घरी येतो तो अंग टाकून देतो, जेवायलाही उठत नाही, ही साखळी गुलाम राबवणाऱ्यासारखी आहे, यावर काही उपाय करा, अशी तिची विनवणी आहे. पाच डॉलरबद्दल ती कृतज्ञ आहे, पण तेवढ्याच स्पष्टपणे ती म्हणते की ते पैसे माणसे पुरेपूर कमावतात. या सगळ्या वादात मला याहून नेमकी साक्ष दुसरी सापडलेली नाही.

राहिली कर्त्याची साक्ष. फोर्डच्या १९२६ च्या पुस्तकाचा दाखला देणारे त्याचेच १९२२ चे आत्मकथन सोयीने विसरतात. त्यात त्याने या पगारवाढीचे वर्णन खर्च कमी करण्याचा एक उत्तम उपाय म्हणून केले आहे, आणि आकडे त्याला दुजोरा देतात: गळती १९१४ मध्ये ५४ टक्क्यांवर आणि १९१५ मध्ये १६ टक्क्यांवर आली. १९१४ च्या मूळ निवेदनात नफ्यातल्या वाट्याची आणि मोठ्या क्रांतीची भाषा होती. गिऱ्हाइकाची उपपत्ती ठळक झाली ती पुढे, यश हाती आल्यावर. एका माणसाच्या दोन साक्षी विसंगत असतील तर घटनेच्या जवळची आणि हिशेबाशी जुळणारी धरावी, हा न्याय इतिहासालाही लागू आहे.

आणि कर्ता आपल्या उपपत्तीला जागला का? महायुद्धाच्या महागाईने १९१८ पर्यंत पाच डॉलर आधीच्या जेमतेम तीन डॉलरच्या तोलाचे झाले. १९१९ मध्ये ते सहा केले गेले, पण तोवर इतर कारखाने बरोबरीला आले होते. १९२७ मध्ये मॉडेल टी बंद करून नवी गाडी येईपर्यंत हजारो माणसे कित्येक महिने बिनपगारी बसली. १९२९ चे ते गाजलेले सात डॉलर १९३२ पर्यंत चारवर उतरले. खरेदीची ताकद टिकवण्याची सर्वांत जास्त गरज होती त्याच वर्षी! ७ मार्च १९३२ ला बेकार कामगारांचा मोर्चा डिअरबॉर्नच्या रूज कारखान्याकडे निघाला, तेव्हा त्यावर गोळीबार झाला आणि माणसे मेली.

पूर्वपक्षाचा शेवटचा आधार असा, की हेतू काहीही असो, माणसांना पैसे तर मिळाले. मिळाले, आणि ते थोडे नव्हते. कृष्णवर्णीय कामगारांना फोर्डने मोठ्या संख्येने घेतले आणि तोच दर दिला, हे त्या काळच्या अमेरिकेत विरळा होते. ते नाकारणे अन्याय होईल. पण हेतूचा प्रश्न फोर्डच्या पाप-पुण्याचा नाही. रूढ हकीकत सांगते की शहाणा मालक आपण होऊन देतो, तेव्हा वाट पाहावी. १९१३ चे कागद सांगतात की हजारो अनाम माणसांनी ते काम त्या दरात करायला नकार दिला, म्हणून दर बदलला. त्यांच्याकडे संघटना नव्हती, नेता नव्हता. दुसऱ्या कारखान्याचे उघडे दार तेवढे होते. १९३० नंतर मंदीने ते दार बंद केले आणि फोर्डचा रोज लगोलग खाली आला. तो पुन्हा वर नेण्यासाठी कामगारांना दुसरा रस्ता धरावा लागला: १९३७ मध्ये रूजच्या पुलावर कामगारनेता वॉल्टर रॉयथरला आणि त्याच्या साथीदारांना कंपनीच्या माणसांनी मारहाण केली, एप्रिल १९४१ मध्ये रूज कारखाना संपाने बंद पडला, मे महिन्यात कामगारांनी प्रचंड बहुमताने युनियनच्या बाजूने मत दिले आणि जूनमध्ये कंपनीने युनायटेड ऑटो वर्कर्सशी करार केला. त्या करारात दर किती असावा हे फोर्डने एकट्याने ठरवले नव्हते.