फिदया कोणाला दिला?

ख्रिस्ती धर्मातील बलिदानाचा विषय निघाला की आम्हा मुसलमानांचे बोलणे एका वाक्यात संपते. सूरह निसाने हजरत ईसा अलैहिस्सलाम क्रुसावर मारले गेल्याचे नाकारले आहे. आमचा अकीदा तोच आहे. पण ज्याला आम्ही नकार देतो ते समोरचा नेमके कसे मानतो, हे जाणून घेण्याची तसदी आम्ही क्वचितच घेतो. वर्गात मुलांनी विचारले तर आम्ही शिक्षकही तेच वाक्य सांगून फळ्याकडे वळतो.

वास्तविक यातले शब्द आपल्याच घरातले आहेत. मार्कच्या शुभवर्तमानात (१०:४५) येशू पुष्कळांसाठी स्वतःचा प्राण देण्याविषयी बोलतात. तिथला ग्रीक शब्द ‘लुत्रोन’, म्हणजे गुलाम किंवा कैदी सोडवण्याची रक्कम. उर्दू बायबलने त्यासाठी ‘फिदया’ घेतला, मराठीने ‘खंडणी’. आज वर्तमानपत्र वाचणाऱ्याला खंडणी म्हटले की गुंडच आठवतो, तो भाग वेगळा!

रक्कम दिली, तर कोणाला? हा प्रश्न ख्रिस्ती विद्वानांनीच आपसांत विचारला. तिसऱ्या शतकात इस्कंदरियाच्या ओरिजेनने म्हटले, शैतानाला. पापी माणूस त्याच्याच ताब्यात होता. चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरीला हे असह्य वाटले. दरोडेखोराला एवढी किंमत? आणि पित्याला म्हणावे, तर माणूस पित्याच्या कैदेत नव्हताच.

पुढे इ. स. १०९८ च्या सुमारास कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने ‘देव माणूस का झाला’ या ग्रंथात शैतानाचा हिशेबच खोडला. राजाशी बिनसल्याने तो तेव्हा इंग्लंडबाहेर होता. त्याच्या मते पाप म्हणजे देवाचा मान हिरावणे. भरपाई माणसाने द्यायची, पण ऐपत फक्त देवाची. म्हणून जो देवही आणि माणूसही, त्यानेच ती द्यावी. धन्याचा दर्जा जितका मोठा तितकी अपमानाची भरपाई मोठी, या सरंजामी रिवाजाची छाप त्यावर अनेकांना दिसते. पुढच्याच वर्षी, १०९९ मध्ये, अंगावर क्रूस शिवलेल्या फौजेने बैतुल मुकद्दसमध्ये कत्तल केली. आमच्या मनात ते १०९९ पक्के बसले आहे. १०९८ आम्हाला कोणी शिकवलेच नाही.

पुढच्या पिढीत फ्रान्सच्या अबेलार्डने अँसेल्मपेक्षा निराळा सूर लावला. निरपराधाच्या रक्ताने देव राजी होतो, हेच त्याला पटेना. त्या मरणात दिसलेले प्रेम माणसाचे मन पालटते, असे तो म्हणे. पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती या भरपाईच्या हिशेबात फारसे शिरलेच नाहीत. मृत्यूवरचा विजय त्यांना अधिक महत्त्वाचा.

उर्दू बोलणारे ख्रिस्ती या साऱ्याला ‘कफ्फारा’ म्हणतात. आमच्या फिकहमध्येही कफ्फारा आहे. शपथ मोडली तर दहा मिस्किनांना जेवण द्यावे, पण ते ज्याने मोडली त्याने. एकाचा बोजा दुसरा उचलत नाही. म्हणजे खरा मतभेद केवळ क्रुसाच्या घटनेवर नाही, देणे कोणी फेडायचे यावरही आहे.

आणि फिदया? बकरी ईदच्या कुर्बानीच्या मुळाशी हजरत इब्राहिम अलैहिस्सलाम यांच्या पुत्राची सुटका आहे. सूरह साफ्फातमध्ये तिच्यासाठी आलेला शब्द ‘फिदया’च्याच धातूचा आहे. तिथे फिदया देणारा खुद्द अल्लाह. तो कोणाला दिला, असे आमच्यापैकी कोणी विचारल्याचे आम्ही तरी अजून ऐकले नाही.