उचलेगिरीचा खटला आणि सरकारी खर्चाचा वकील

दुकानातून वस्तू लंपास करण्याला मराठीत ‘उचलेगिरी’ म्हणतात. हा शब्द वाटतो तितका साधा नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण ‘उचल्या’ ही ओळख माणसांना चिकटून राहिली. लक्ष्मण गायकवाड यांनी आपल्या आत्मकथनाला तेच नाव दिले, हे वाचकांना आठवत असेल. आरोप सिद्ध होण्याआधीच ज्याच्या माथी चोरीचा शिक्का बसलेला असतो, त्याचा बचाव कोणी करायचा, हा प्रश्न म्हणूनच जुना आहे.

मेकॉलेच्या मसुद्यातून उभ्या राहिलेल्या १८६० च्या भारतीय दंड संहितेत चोरीची व्याख्या बारकाईने केली होती. अप्रामाणिक हेतूने, मालकाच्या संमतीवाचून वस्तू जागची हलविली की चोरी पूर्ण होते. दुकानाचा उंबरठा ओलांडावा लागत नाही. ही व्याख्या लिहिली गेली तेव्हा वाणी स्वतः माल काढून देत असे. आज दिल्ली, गुरुग्राम वा नोएडाच्या मॉलमध्ये गिऱ्हाइकाने माल स्वतःच उचलावा अशी दुकानदाराचीच इच्छा असते. तेव्हा वस्तू हलविली यावरून काहीच सिद्ध होत नाही. सारा खटला हेतूवर येऊन ठेपतो. बिल करायचे विसरले की लपविले? हे साक्षीदाराच्या उलटतपासणीतूनच उलगडू शकते, आणि उलटतपासणी हे अडाणी आरोपीचे काम नव्हे.

दुसरा पेच कलमाचा. साध्या चोरीला कलम ३७९ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती. पण ‘मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या’ इमारतीतील चोरीला कलम ३८० खाली सात वर्षांपर्यंत. दुकान ही अशी इमारत खचितच आहे. म्हणजे एकाच साबणाच्या वडीसाठी तीन की सात, हे ठाण्यातील अंमलदार कोणते कलम लिहितो यावर अवलंबून. प्रशासनात राहून मी एक गोष्ट पाहिली आहे: पहिल्या कागदावर जे लिहिले जाते, ते पुढे बदलायला फार मोठे बळ लागते.

हे बळ म्हणजे वकील. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने आपल्या पसंतीचा वकील देण्याचा हक्क दिला, पण पैसे नसलेल्याने काय करावे हे सांगितले नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने कलम ३०४ अन्वये सरकारी खर्चाने वकील दिला, तोही मुख्यतः सत्र न्यायालयातील खटल्यांपुरता. इतर न्यायालयांचे राज्य सरकारच्या मर्जीवर सोडले. चोरीचा खटला तर दंडाधिकाऱ्यासमोर चालतो! ज्या गुन्ह्यात गरीब माणूस सर्वाधिक सापडतो, नेमका तोच या तरतुदीबाहेर राहिला.

पुढची वाट न्यायालयाने काढली. ४२ व्या दुरुस्तीने, १९७६ मध्ये, अनुच्छेद ३९-अ आला. बिहारच्या कैद्यांसाठी कपिला हिंगोरानी यांनी लढविलेल्या हुसैनारा खातून प्रकरणात १९७९ साली मोफत वकील हा अनुच्छेद २१ चाच भाग ठरला. मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील स्त्रियांविषयी पत्रकार शीला बर्वे नव्हे, शीला बारसे यांनी (आडनावांची गल्लत नेहमी होते) लिहिलेल्या पत्रावर १९८३ साली निकाल आला आणि अटकेची खबर लगेच विधी साहाय्य समितीला देण्याचा दंडक पडला. १९८६ च्या सुकदास प्रकरणाचा आम्हा प्रशासकीय मंडळींनी विशेष अभ्यास करावा, कारण अरुणाचलातील तो खटला अपर उपायुक्तानेच चालविला होता. आरोपीने वकील मागितला नाही, हे समर्थन सर्वोच्च न्यायालयाने नाकारले आणि शिक्षा रद्द केली. पुढे २०१२ मध्ये अजमल कसाबच्या निकालात, देशातील प्रत्येक दंडाधिकाऱ्याने आरोपीला प्रथम हजर करतानाच हा हक्क समजावून सांगावा, असा आदेश झाला. देशाने ज्याचा सर्वाधिक तिरस्कार केला त्या आरोपीच्या खटल्यातून साध्या भुरट्या चोरालाही संरक्षण मिळाले.

वकील येऊन करतो काय? १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचे कलम ३ तो न्यायालयापुढे ठेवू शकतो. त्यात ३७९ आणि ३८० ही कलमे नावानिशी आहेत. पूर्वी शिक्षा न झालेल्यास केवळ समज देऊन सोडता येते. आरोपी २१ वर्षांखालील असेल तर तुरुंगात पाठविण्याची कारणे न्यायालयाला लिहावी लागतात. एकट्या आरोपीला मात्र वेगळाच सल्ला मिळतो: ‘गुन्हा कबूल कर, जितके दिवस आत काढलेस तितकीच शिक्षा होईल, आज घरी जाशील.’ तो कबूल करतो आणि घरी जातो. सोबत दोषसिद्धी नेतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, आणि या कबुलीची किंमत वाढली. पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या चोरीत प्रथमच दोषी ठरलेल्याने वस्तू वा किंमत परत केल्यास समाजसेवेची शिक्षा आहे. ही तरतूद मला स्वागतार्ह वाटते. पण त्याच कलम ३०३ खाली दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान एक वर्ष सक्तमजुरी आहे. शिवाय समाजसेवेची सवलत ३०३ पुरतीच; जुन्या ३८० ची जागा घेणाऱ्या ३०५ मध्ये ती नाही. अंमलदाराची लेखणी पूर्वीइतकीच भारी राहिली.

दुकानाच्या मागच्या खोलीत रखवालदार लिहून घेतात त्या माफीनाम्याचेही भान ठेवावे. पोलिसांपुढील कबुली पुराव्यात चालत नाही. पण व्यवस्थापकापुढील कबुली, दडपण वा आमिष सिद्ध झाले नाही तर, चालू शकते. नोकरी-शिक्षणासाठी उत्तरेत आलेल्या आपल्या मुलामुलींनी भीतीपोटी सही करू नये.

राजधानी परिसराची आणखी एक अडचण आहे. मेट्रोत बसून माणूस एकाच प्रवासात तीन राज्यांच्या हद्दीत फिरतो. दिल्ली, गुरुग्राम-फरिदाबादसाठी हरयाणा, नोएडा-गाझियाबादसाठी उत्तर प्रदेश, अशी विधी सेवा प्राधिकरणे निरनिराळी आहेत आणि मोफत साहाय्यासाठी उत्पन्नाच्या मर्यादाही. तथापि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील कोणीही यांना उत्पन्नाची अट लागत नाही. राष्ट्रीय प्राधिकरणाचा दूरध्वनी क्रमांक १५१०० असून तो तिन्ही राज्यांत चालतो.