पाठीवरचे पाणी

'आजार रेड्याला आणि औषध पखालीला' ही म्हण आपण वर्गात शिकवतो. पण पखाल म्हणजे काय, हे आता बहुतेक मुलांना सांगावे लागते. रेड्याच्या किंवा बैलाच्या पाठीवर टाकलेली, दोन्ही बाजूंनी लोंबणारी, पाणी वाहून नेण्याची मोठी कातडी पिशवी म्हणजे पखाल. आता तशीच एक पिशवी माणसाच्या पाठीवर आली आहे. दोन-तीन लिटर पाणी मावणारी, प्लॅस्टिकची, खांद्यावरून तोंडापर्यंत नळी आलेली. सिंहगड-राजगड चढणारी मुले ती वापरतात आणि परदेशी उन्हाळी प्रदेशात पायी भटकायला निघालेली पुण्याची मंडळीही ती विकत घेतात. दुकानात प्रश्न एकच असतो : यातली कोणती घ्यावी? म्हणीतला शहाणपणा इथे उपयोगी पडतो. पखाल निवडण्याआधी रेड्याकडे, म्हणजे पाणी पिणाऱ्या शरीराकडे पाहायला हवे. माणसाला हे कळायला बराच काळ लागला. त्या काळाचा हा थोडक्यात वृत्तांत.

वाटेवरचे पाणी

जुन्या काळी प्रवासी पाणी फारसे वाहून नेत नसे. ते वाटेवर मिळेल अशी व्यवस्था असे. याचा उत्तम पुरावा पुणे जिल्ह्याच्या सीमेवर नाणेघाटात आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडून जुन्नर आणि पुढे पैठणकडे जाणारा सातवाहन काळातील व्यापारी मार्ग या घाटातून जात असे. तेथील लेण्यातील ब्राह्मी शिलालेख, जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण हे सारे सहलीला गेलेल्या मुलांना माहीत असते. त्याच वाटेवर कातळात खोदलेली पाण्याची टाकीही आहेत. कोकणातून ओझी घेऊन चढून आलेल्या माणसाला आणि जनावराला सर्वांत आधी काय लागत असेल, हे ती खोदणाऱ्यांनी ओळखले होते.

पुढे गडांवर हेच तंत्र वाढले. १७१५-१६ च्या सुमाराचे 'आज्ञापत्र' रामचंद्रपंत अमात्यांचे मानले जाते. त्यात गड बांधण्याआधी पाणी पाहावे, नसेल तर खडक फोडून टाकी बांधावीत, असे बजावले आहे. झरा असला तरी त्यावर विसंबू नये, कारण लढाईत तोफांच्या दणक्यांनी झरे आटू शकतात. म्हणून साठवणीचे पाणी वेगळे राखावे, असाही त्यातला विचार आहे.

यामागे सह्याद्रीच्या खडकाचे गुण आहेत. बेसाल्टचे थर एकावर एक आडवे पसरलेले असतात. घट्ट थरातून पाणी सहसा झिरपत नाही, म्हणून त्यात खोदलेले टाके पाणी धरून ठेवते. भेगाळलेल्या किंवा सच्छिद्र थरातून पाणी वाहते आणि दोन थरांच्या सांध्यावर झरा फुटतो. टाके कातळाच्या पोटात, खांब ठेवून खोदले की ऊन आत जात नाही. उघड्या टाक्यातील पाण्याची पातळी बाष्पीभवनाने दिवसाला ६ मिलिमीटर उतरते असे धरले, तरी ९० दिवसांत ५४ सेंटिमीटर पाणी उडून जाते. सावलीतल्या टाक्यात ही तूट पुष्कळ कमी होते आणि उजेड नसल्याने शेवाळही कमी धरते.

पखाल, मशक आणि छागळ

जेथे टाके किंवा विहीर नाही तेथे कातडे कामास येई. जनावराच्या पाठीवर पखाल, भिस्त्याच्या पाठीवर मशक आणि प्रवाशाच्या हाती छागळ. 'छागळ' या शब्दात 'छाग' म्हणजे बोकड दडलेला आहे. मुळात ती त्याच्याच कातड्याची. पुढे ती जाड कापडाची झाली. मालमोटारीच्या पुढे किंवा आगगाडीच्या खिडकीबाहेर लटकणारी ओली छागळ अनेक वाचकांच्या घरातील वडीलधाऱ्यांनी पाहिलेली असेल.

छागळीतले पाणी थंड का होते? कापडातून झिरपलेले पाणी वाऱ्याने उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता लागते. १ लिटर पाणी १० अंश सेल्सियसने थंड करायचे तर सुमारे ४२ किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. म्हणजे सारी उष्णता आतल्या पाण्यातूनच गेली असे मानले, तर १७-१८ ग्रॅम पाणी उडाले की काम झाले. शंभरातले दोन भागही न गमावता उरलेले पाणी गार!

आपले शरीरही अशीच एक छागळ आहे. फरक इतकाच की घाम उडतो तेव्हा थंड करायचे असते ते रक्त.

पाणी कोणासाठी?

येथे इतिहासातील एक कटू गोष्ट सांगितलीच पाहिजे. वाटेवरची विहीर, पाणपोई, धर्मशाळा ही व्यवस्था सर्वांसाठी नव्हती.

१९०१ साली साताऱ्याहून चार मुले उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांकडे निघाली. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. रेल्वेने मसूर स्टेशनवर उतरल्यावर मुलांची जात कळली आणि बैलगाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर ती मिळाली. डब्यात पोटभर जेवण होते. पाणी मात्र नव्हते आणि वाटेत कोणी देणार नव्हते. रात्री जकात नाक्यावर, गाडीवानाने शिकवल्याप्रमाणे, आपण मुसलमान आहोत असे सांगूनही पाणी मिळाले नाही. पाण्याशिवाय घास गिळवेना. अन्न तसेच ठेवून मुले उपाशी झोपली. त्यांतला सुमारे नऊ-दहा वर्षांचा मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. मोठेपणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली.

पुण्यात १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला होता. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव संमत झाला. तरी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. पाणी बरोबर नेण्याची सोय कोणाला हौस म्हणून लागते आणि कोणाला नाइलाज म्हणून, हे पाण्याच्या इतिहासात विसरून चालत नाही. तहान मात्र सर्वांची सारखीच असते. तिचे शास्त्र विसाव्या शतकात उलगडू लागले.

वाळवंटातले प्रयोग

दुसऱ्या महायुद्धाच्या काळापर्यंत अनेक सैन्यांत एक समजूत होती : शिपायाला कमी पाण्यावर राहण्याची सवय लावता येते. ही समजूत अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ एडवर्ड अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. १९४२ पासून कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात त्यांनी सैनिकांवर निरीक्षणे केली; ती १९४७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

निष्कर्ष स्पष्ट होते. पाणी कमी दिले म्हणून घाम तितक्या प्रमाणात कमी होत नाही. शरीर थंड ठेवण्यासाठी तो येतच राहतो आणि शरीरातील पाणी घटत जाते. तेव्हा बाटलीत जपून ठेवलेल्या पाण्याने काहीच साधत नाही. ते पोटात असलेले बरे. दुसरी गोष्ट आणखी विचार करण्याजोगी होती. पाणी हवे तेवढे उपलब्ध असतानाही, चालताना माणसे गमावलेल्या पाण्यापेक्षा कमीच पितात. उरलेली तूट जेवताना आणि विश्रांतीच्या वेळी भरून निघते. म्हणजे उन्हात कष्ट करताना तहान हा उशिराने हलणारा काटा आहे.

हा हिशेब सिंहगडावर करून पाहू. पायथ्यापासून माथ्यापर्यंतचा चढ सुमारे ६०० मीटर. ६० किलो वजनाची व्यक्ती १० किलोची पिशवी घेऊन चढली तर गुरुत्वाविरुद्ध केलेले काम ७० × ९.८ × ६००, म्हणजे सुमारे ४१२ किलोज्यूल. स्नायूंची कार्यक्षमता २० टक्के धरली तर त्यासाठी सुमारे २,०६० किलोज्यूल ऊर्जा खर्च होते आणि त्यातले सुमारे १,६५० किलोज्यूल उष्णता बनतात. ही सर्व उष्णता घामाच्या बाष्पीभवनाने बाहेर टाकायची तर सुमारे ०.७ लिटर घाम लागेल. उन्हाची उष्णता आणि न उडता नुसताच गळून गेलेला घाम धरला तर एका चढाईला १ लिटर ही अतिशयोक्ती नाही.

मोज्यातली पिशवी

तहान उशिरा लागते आणि पाणी काढायला थांबावे लागते, या दोन अडचणी एकत्र आल्या की पिणे लांबणीवर पडते. १९८९ मध्ये अमेरिकेत टेक्सास राज्यातील विचिटा फॉल्स येथे, ऐन उन्हाळ्यात होणाऱ्या १०० मैलांच्या सायकल शर्यतीत मायकेल आयडसन नावाचा स्पर्धक उतरला. रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या या माणसाने सलाइनची पिशवी पाण्याने भरली, लांब मोज्यात घातली, मोजा सदऱ्याच्या पाठीला लावला, नळी खांद्यावरून पुढे आणली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्याने तिचे तोंड दाबून ठेवले. या जुगाडातून पुढे 'कॅमलबॅक' ही कंपनी निघाली. तिचे यश साध्या कारणात आहे. पाणी तोंडाशी असले की माणूस घोटघोट पीत राहतो.

नुसते पाणी पुरते का?

घामाबरोबर मीठही जाते, १ लिटरमागे साधारण १ ते ४ ग्रॅम. उलट्या टोकाचा धोका येथे आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी केली तेव्हा १३ टक्के धावपटूंच्या रक्तातील सोडियम प्रमाणाबाहेर उतरलेले आढळले. हे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांचे वजन शर्यतीत घटण्याऐवजी वाढले होते, म्हणजे ज्यांनी गरजेपेक्षा जास्त द्रव प्यायला होता, त्यांना हा धोका अधिक होता.

मीठ आणि साखर यांचे नाते १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी मांडले : आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी येते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तियुद्धावेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने देऊन असंख्य जीव वाचवले. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात १ लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. हे जुलाबावरचे औषध आहे. चालणाऱ्याला एवढ्या मिठाची सहसा गरज नसते. पाण्याबरोबर नेहमीचे जेवण, लिंबूसरबत, ताक पुरते.

पाण्यालाही मर्यादा आहेत. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे उघड्या मैदानावरील समारंभानंतर उष्माघाताने १४ जण दगावले. किनाऱ्याजवळच्या दमट हवेत घाम गळतो, पण पुरेसा उडत नाही आणि न उडालेला घाम शरीर थंड करत नाही. अशा वेळी सावली आणि दिवसाची योग्य वेळ यांना पर्याय नसतो.

मग कोणती घ्यावी?

आधी चालण्याचे तास मोजावेत. उन्हातल्या चढावर ताशी अर्धा ते पाऊण लिटर धरून, वाटेत पाणी कोठे मिळेल ते पाहून पिशवीचे माप ठरवावे. १ लिटर पाण्याचे ओझे १ किलो असते. लहान मुलांना ३ लिटरची पिशवी देऊ नये. तोंड हात आत जाईल एवढे रुंद असावे, नाहीतर आत बुरशी धरते. साखरेचे सरबत पिशवीत न भरता वेगळ्या बाटलीत न्यावे. पाठीवरचे पाणी किती उरले ते दिसत नाही, म्हणून एक साधी बाटली जोडीला असावीच.

परदेशात जाणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कोरड्या वाळवंटात घाम क्षणात उडतो. अंग ओले न झाल्याने आपण घामाघूम झालो आहोत हे कळतच नाही. आणि अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनसारख्या ठिकाणी आपल्या गडांच्या उलट क्रम असतो : आधी उतार, मग चढ. दरीच्या तळाशी उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो आणि खरा घाम परतताना गळतो. अर्धे पाणी संपल्यावर परतायचा नियम तेथे चालत नाही. त्याच्या कितीतरी आधी वळावे लागते. नव्या उष्ण हवेची शरीराला सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, हेही वेळापत्रकात धरावे.

शिक्षकांना वर्गात दोन प्रयोग सहज करता येतील. पहिला : दोन सारख्या बाटल्यांत सारखे पाणी भरून एकीभोवती ओले फडके गुंडाळावे, दोन्ही सावलीत वाऱ्याला ठेवून दर १० मिनिटांनी तापमान नोंदवावे. दुसरा : सकाळी खेळाच्या तासाआधी आणि नंतर, अंग पुसून, तेवढ्याच कपड्यांत स्वेच्छेने पुढे आलेल्या मुलांचे वजन करावे. मधल्या काळात प्यायलेले पाणी मोजून वजनातील घटीत मिळवावे; येणारा आकडा म्हणजे साधारण घाम. त्या काळात कोणी लघवीला गेले असेल तर त्याची नोंद वगळावी. पाणी पिण्यापासून कोणालाही अडवू नये. कोण किती कमी पितो हेच तर पाहायचे आहे. हा आकडा प्रत्येक मुलाचा वेगळा येईल. पुढच्या सहलीत कोणी किती पाणी घ्यावे, हे मग त्या तक्त्यावरूनच ठरवता येईल.