सभेचा रोज



नाशिकच्या दक्षिणेस, मुंबई-आग्रा रस्त्यालगत, त्रिरश्मीचा डोंगर आहे. त्यातील लेण्यांस आपण पांडवलेणी म्हणतो. पांडवांचा त्यांच्याशी संबंध नाही. ती बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेली आहेत. त्यांपैकी सतराव्या लेण्यातील लेख सांगतो की, हे लेणे, आतील चैत्य आणि पाण्याची टाकी धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त याने आईबापांसाठी करविली, आणि दानात त्याचा मुलगा धम्मरक्षित सामील होता. तिन्ही नावे आपल्या मातीतली वाटतात. परंतु लेखात त्याची ओळख दिली आहे ती अशी : यवन, उत्तरेकडील, दत्तामित्री गावचा. यवन म्हणजे ग्रीक. आयोनिया या ग्रीक प्रांताच्या नावावरून तो शब्द आपल्याकडे आला. मुसलमानांस तो लावण्याची चाल पुष्कळ नंतरची. दत्तामित्री हे गावही डिमिट्रियस नावाच्या ग्रीक राजाच्या नावावर वसले असावे, असे पंडित मानतात.

याच डोंगरातील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री आपल्या पुत्राचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, गुणगान करताना त्यास शक, यवन आणि पल्हव यांचा निर्दाळक म्हणते. यवनांस मारणाऱ्याची कीर्ती आणि यवनाने दिलेले दान एकाच कातळात शेजारी शेजारी नांदत आहेत. इतिहास हा असा गुंतागुंतीचा असतो.

आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या गेटसभांनी आणि सार्वजनिक वाचनालयाने केले. म्हणून ग्रीकांविषयी बोलताना त्यांच्या मूर्ती, नाटके आणि तत्त्वज्ञान यांची थोरवी आम्ही जाणत्यांवर सोपवतो. आम्हांस पडतो तो प्रश्न चळवळीतल्या माणसाचा आहे. अथेन्स शहरी जगातील पहिली मोठी लोकशाही चालली असे आपण ऐकतो. ती चालली कशी? हातावर पोट असलेला माणूस दिवसाचे काम टाकून सभेला बसला, तर त्या दिवशी त्याच्या घरी चूल कशाने पेटली?

ग्रीस हा डोंगरांनी आणि समुद्राने तुकडे पाडलेला देश. प्रत्येक खोऱ्यात, प्रत्येक बेटावर एक शहर आणि त्याभोवतीची शेती मिळून एक स्वतंत्र राज्य होई. त्यास ते पोलिस म्हणत. आपल्या ओळखीचा पोलीस हा शब्द याच मुळापासून फिरत फिरत आला आहे. आमच्यासारख्यांस त्याची ओळख निराळ्या कारणाने झाली, ती गोष्ट वेगळी! अशी शेकडो नगरराज्ये होती. कोठे राजा, कोठे मूठभर श्रीमंतांचा कारभार, स्पार्टासारख्या ठिकाणी लष्करी शिस्त. अथेन्सही आरंभी जमीनदारांच्याच मुठीत होते. गरीब शेतकरी स्वतःचे शरीर तारण ठेवून कर्ज काढी, आणि ते फिटले नाही की गुलाम म्हणून विकला जाई. इ. स. पू. ५९४ च्या सुमारास सोलनने ही कर्जे रद्द केली आणि माणसाचे शरीर तारण ठेवण्यास कायमची बंदी केली. लोकशाहीची पहिली पायरी मतपेटी नव्हती, कर्जमुक्ती होती, हे आपल्या शेतकरी बांधवांनी ध्यानात ठेवावे.

पुढे इ. स. पू. ५०८-५०७ मध्ये क्लाइस्थेनीसने जुन्या कुळांची बंधने तोडली. त्याने नागरिकांच्या दहा नव्या टोळ्या पाडल्या आणि प्रत्येकीत किनारा, शहर व आतला मुलूख येथील माणसे एकत्र बसविली, म्हणजे भाऊबंदकीच्या जोरावर कोणी गट बांधू नये. प्रत्येक टोळीतून ५० याप्रमाणे ५०० जणांचे मंडळ नेमले जाई. हे लोक पुढे चिठ्ठ्या टाकून निवडले जात, एका वर्षासाठी, आणि जन्मात दोनपेक्षा जास्त वेळा नाही. मंडळाचा अध्यक्ष तर रोज नवा. निवडणुकीत पैसेवाला आणि बोलका माणूस पुढे जातो, चिठ्ठीला मात्र चांभार आणि जमीनदार सारखेच, असा त्यामागील विचार होता.

पण कायदा झाला म्हणून गरिबाला वजन येत नाही. ते आले वल्ह्यामुळे. इ. स. पू. ४८३ च्या सुमारास लॉरिऑनच्या खाणीत चांदीचा मोठा साठा लागला. ती चांदी माणशी वाटून न घेता तिची जहाजे बांधावीत, असे थेमिस्टोक्लीजने लोकांस पटविले. इ. स. पू. ४८० मध्ये सालामिसच्या सामुद्रधुनीत याच आरमाराच्या बळावर ग्रीकांनी इराणच्या बादशहाचा पराभव केला. एका लढाऊ जहाजास १७० वल्हेकरी लागत. घोडा बाळगण्याची ऐपत श्रीमंताला, चिलखत घेण्याची मध्यम शेतकऱ्याला. वल्ह्याला मात्र दोन हात पुरत. हे वल्हेकरी बहुतांशी सर्वांत खालच्या वर्गातले होते. शहर ज्यांच्या हातांवर तरले, त्यांना सभेत गप्प बसविणे मग अवघड झाले. लोकशाहीचा द्वेष करणाऱ्या त्या काळच्या एका ग्रंथकारानेही एवढे कबूल केले आहे की, जहाजे चालवणारे जर हे लोक, तर अधिकारही त्यांनाच असणार.

आता रोजाची गोष्ट. पेरिक्लीजच्या काळी न्यायालयात पंच म्हणून बसणाऱ्यास भत्ता सुरू झाला, दिवसाला दोन ओबोल. पुढे तो तीन झाला. सहा ओबोलांचा एक द्राख्मा, आणि कसबी कारागिराची दिवसाची मजुरी एक द्राख्मा. म्हणजे भत्ता अर्ध्या मजुरीइतका. इ. स. पू. ४०० नंतर मुख्य लोकसभेला बसण्याचाही रोज मिळू लागला. नागरिक पुरुष सुमारे ३० हजार धरतात आणि सभेच्या टेकडीवर सुमारे ६ हजार माणसे बसत. रोज सुरू केला तो माणसे येईनात म्हणून. विद्वान लोक या भत्त्यास लाच म्हणत आले. पोटभर जेवलेल्याला दुसऱ्याचा रोज नेहमीच लाच वाटतो.

या रोजाची किंमत ओळखली ती शत्रूंनी. इ. स. पू. ४११ मध्ये युद्धाच्या धामधुमीत श्रीमंतांच्या गटाने सत्ता बळकावली. त्यांनी काय केले पाहा. सभा नेहमीच्या जागी न भरवता शहराबाहेर कोलोनस येथे भरविली. आरमारातले हजारो वल्हेकरी तेव्हा सामोस बेटावर कामगिरीवर होते. आणि पहिल्या ठरावांतच सार्वजनिक कामाचे भत्ते बंद केले. कामगार पाळीवर असताना सभा बोलवायची आणि त्यात त्याच्या भाकरीवर ठराव करून घ्यायचा, ही युक्ती किती जुनी आहे! परंतु सामोसवरील खलाशांनी तेथेच आपली सभा भरविली, संशयित सेनापतींना दूर करून नवे निवडले आणि जाहीर केले की, आम्ही शहराविरुद्ध उठलेलो नाही, शहरच आम्हांपासून फुटले आहे. चारशे धनिकांचे ते राज्य काही महिन्यांत कोसळले.

मात्र या लोकशाहीची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. स्त्रियांना सभेत जागा नव्हती. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या परक्यांना नव्हती, मग ते पिढ्यान् पिढ्या तेथे राबोत. आणि गुलाम तर माणसांत मोजलेच जात नव्हते. ज्या चांदीतून जहाजे झाली ती लॉरिऑनच्या बिळांतून गुलामांनी उपसली होती. एरेक्थिऑन देवळाच्या बांधकामाचे हिशेब दगडावर कोरलेले सापडले आहेत, इ. स. पू. ४०९ ते ४०७ या काळातले. ज्यांचा दर्जा कळतो अशा ८६ कामगारांत २४ नागरिक, ४२ परके आणि २० गुलाम आहेत. तिघेही एकाच खांबावर काम करीत आणि तिघांचीही मजुरी दिवसाला एक द्राख्मा! समान काम, समान दाम त्यांनी साधले होते. पण गुलामाचा द्राख्मा जाई मालकाच्या थैलीत, आणि संध्याकाळी तिघांपैकी एकालाच सभेचा हक्क.

शेवट कसा झाला? इ. स. पू. ३२२ मध्ये मॅसिडोनियाच्या सेनापतीने अथेन्सला नमविले आणि अट घातली की, दोन हजार द्राख्म्यांची मालमत्ता असेल तोच नागरिक. वल्हे मारणारा एका कलमाने बाहेर गेला. लोकशाहीचे नाव पुढेही अधूनमधून घेतले गेले, पण तिचा जुना जोम परतला नाही.

आता परत त्रिरश्मीवर येऊ. इंद्राग्निदत्ताने येथे अथेन्सची सभा आणली, असे कोणी समजू नये. तो राजांच्या मुलुखातून आलेला होता. परंतु आपल्याकडे सभा मुळीच नव्हती, असेही समजू नये. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, शके नव्हे तर वर्ष ४२ एवढाच आकडा घातलेला. पंडित तो इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला मानतात. त्याने भिक्षूंसाठी ३००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. कोठे? राजाच्या खजिन्यात नव्हे, तर गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे. गोवर्धन हे गाव गोदेकाठी आपल्या शहराच्या पश्चिमेस आजही आहे. एका श्रेणीकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याजावर खर्च चालवायचा. हिशेब करून पाहा : २००० चे वर्षाचे व्याज २४०, आणि लेख सांगतो की पावसाळ्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२. एका कवडीचाही फरक नाही.

राजे येतात आणि जातात, पण विणकरांची संघटना राहील, असा भरवसा राजाच्या जावयालाही होता. शिवाय हे सारे निगमसभेत ऐकवून दफ्तरी नोंदविले, असे लेखात स्पष्ट म्हटले आहे. पुढे आभीर राजा ईश्वरसेन याच्या वेळच्या लेखात कुंभार, तेली आणि पाण्याची यंत्रे करणारे यांच्या श्रेणींकडे आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेवी ठेवल्याची नोंद आहे. अठराव्या लेण्याच्या दारावर तर एका माणसाचे नाव नाही. ते दान नाशिककरांचे, सगळ्या गावाचे आहे.

या लेखांचा आम्हांस अभिमान वाटतो. पण ४२ व्या वर्षाच्या त्या लेखात दात्याचे नाव आहे, सासऱ्याचे आहे, बापाचे आहे. ज्यांच्या मागावर ते व्याज विणले गेले त्यांपैकी एकाचेही नाव नाही. अथेन्सच्या गरिबाला सभेत बोलता येत होते, पण त्याच्या शेजारी राबणारा गुलाम मुका होता. गोवर्धनच्या विणकराची पत मोठी होती, पण त्या दगडावर त्याचा आवाज उमटला नाही.

आणि या शहरात दाराचा प्रश्न दोन हजार वर्षांनंतरही शिल्लक होता. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्यांनी तो पुढे नेटाने चालविला. माणूस असून बाहेर उभे राहावे लागणे म्हणजे काय, हे नाशिकला कोणा ग्रीकाने शिकवायला नको. १९५० साली राज्यघटनेने अथेन्सने कधीच न केलेली गोष्ट केली : स्त्री, अस्पृश्य, भूमिहीन, निरक्षर, सर्वांना एकाच वेळी एकेक मत दिले.

दार उघडले. पण सातपूर-अंबडच्या कंत्राटी कामगाराला युनियनच्या सर्वसाधारण सभेला यायचे तर खाडा पडतो. सिन्नरच्या बिडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजारावर. ग्रामसभेला दोन तास बसली तर तेवढ्या बिड्या कमी, आणि घरी जाऊन स्वयंपाक आहेच. मग हजेरीपट पाहून शिकलेले लोक म्हणतात, यांना लोकशाहीची आवड नाही. आवड आहे, रोज नाही. अथेन्सने ही अडचण तीन ओबोलांत ओळखली होती.

म्हणून आमची मागणी साधी आहे आणि ती सरकारइतकीच आमच्या स्वतःच्या संघटनांनाही लागू आहे. सभा ठेवताना आधी पाळ्यांचे कोष्टक पाहावे. स्त्रियांना येता येईल ती वेळ धरावी. जेथे खाडा पडेल तेथे तो भरून द्यावा, आणि त्यास उपकार किंवा लाच म्हणू नये. सभेत कोण काय बोलले हे लिहिताना, कोण येऊ शकले नाही आणि का, हेही इतिवृत्तात लिहावे. गोवर्धनच्या निगमसभेच्या दफ्तरात ते लिहिलेले असते, तर आज आपण त्या विणकरांना नावाने ओळखले असते.