नाक-डोळे नकोत

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपच्या कलाशाळांत विद्यार्थी आधी प्लास्टरचे पुतळे बघून चित्रं काढायचा, मग कुठे जिवंत मॉडेलपुढे बसायचा. पुतळा हलत नाही, त्यामुळे खोडायला हवा तेवढा वेळ. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकवणाऱ्या किमॉन निकोलाइडिस यांनी तो वेळच काढून घेतला. मॉडेलची पोझ जेमतेम मिनिटभराची. तेवढ्यात हात न थांबवता रेघा ओढायच्या. नाक-डोळे नकोत, शरीर काय करतंय तेवढं हवं. वाकतंय, ढकलतंय, की थकून रेललंय? यालाच जेश्चर म्हणतात. कागदावर नुसता गुंता दिसला तरी चालेल. (पहिल्याच आठवड्यात चित्र देखणं आलं, तर मला उलट शंका येईल.)

निकोलाइडिस १९३८ साली गेले. त्यांचं ‘द नॅचरल वे टू ड्रॉ’ आलं १९४१ मध्ये. म्हणजे वाचकाच्या चुका दाखवायला गुरू नव्हताच. होतं ते तासांत आखलेल्या सरावाचं वेळापत्रक, आणि मॉडेलची हालचाल आधी स्वतःच्या अंगात जाणवू द्या, हा आग्रह. आज मोबाइलवर टायमर लावून एकट्याने सराव करणाऱ्यांची अडचणही तीच. अशा वेळी उठून ती पोझ स्वतः घ्यावी. ताण कमरेत येतो की खांद्यात, ते कळतं. मग कागदाकडे बघायचं: आपली रेघ तिथे ताणलेली आहे का?