उकिरड्याची दैना : इंदूरच्या घरगुती कचऱ्याची शंभर वर्षे



आपल्या इंदूरच्या इतिहासावर बोलायचे म्हटले की होळकरांच्या फौजा, राजवाडा, छत्र्या आणि नाटक मंडळ्या आठवतात. मी वैद्यकी करणारा माणूस. चाळीस वर्षे साबुदाण्याएवढ्या गोळ्या देत आलो. इतिहास हा माझा व्यवसाय नाही, नाद आहे. घरातला कचरा घराबाहेर गेल्यावर कुठे जातो, आणि त्याविषयीचे नियम कसे घडत गेले, एवढाच विषय मी आज निवडला आहे. विषय हलका वाटला तरी तो आपल्या गावाच्या इतिहासाचा भाग आहे, आणि त्यात एका मराठी नावाचा वाटा आहे. तो आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, अशी आपल्याकडे म्हण आहे. पूर्वी उकिरडा ही घराची एक जागाच असे, परसात किंवा गावकुसाला. तिथे काय जाते हे प्रत्येक बाईला ठाऊक होते. भाजीची देठे गाईपुढे, चुलीची राख भांडी घासायला, चिंध्या गोधडीत, जुनी लुगडी बोहारणीकडे, रद्दी वाण्याकडे, निर्माल्य झाडाच्या मुळाशी. एवढे सगळे जाऊन उरे तो केर, शेण आणि पालापाचोळा. तो कुजून त्याचे खत होई आणि वर्षाकाठी शेतात जाई. नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तो होता. वेगळे करण्याचे काम घरातच, स्वयंपाकाच्या ओट्यापाशीच होऊन जाई.

शहरात हे गणित बिघडले. वाड्याला परस राहिले नाही, गाय राहिली नाही. केर बोळात पडू लागला आणि तो उचलण्याचे काम ठराविक जातींच्या माणसांवर लादले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी प्लेगने गावेच्या गावे ओस पाडली, त्यात इंदूरही सुटले नाही. अशा वेळी तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या दरबाराने एका स्कॉटिश विद्वानाला बोलावले. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस. शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ आणि व्यवसायाने नगररचनाकार. पुढे १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापन सुरू झाले ते यांच्याच हातून.

गेडिस यांचा इंदूर दरबाराला दिलेला अहवाल १९१८ साली दोन खंडांत होळकर सरकारच्याच छापखान्यात छापला गेला. जुन्या वस्त्या सरसकट पाडायच्या आणि रुंद रस्ते काढायचे, ही त्या काळची रीत त्यांना मान्य नव्हती. चांगला शल्यचिकित्सक शक्य तेवढा अवयव राखून शस्त्रक्रिया करतो, तसे गावाचे करावे, असे त्यांचे मत होते. दुसरे मत अधिक धाडसाचे होते. मैला आणि सांडपाणी महागड्या भुयारी गटारांतून नदीत सोडण्याऐवजी ते मळ्यांना आणि बागांना द्यावे, असे त्यांनी मांडले. कचरा ही घाण नसून चुकीच्या जागी पडलेले खत आहे, हे आपल्या उकिरड्याचेच तत्त्व एक परदेशी माणूस दरबाराला नव्याने सांगत होता.

गेडिस यांनी पुढे सांगितलेली एक हकिकत मला फार आवडते. नकाशे घेऊन गल्लीबोळांतून हिंडणारा हा साहेब प्लेग आणतो, अशी लोकांची समजूत झाली होती. तेव्हा त्यांनी एका दिवसापुरता गावाचा राजा होण्याची परवानगी मागितली आणि दिवाळीची मिरवणूक काढली. मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न जाता ज्या रस्त्यावरची घरे सर्वांत स्वच्छ असतील त्या रस्त्याने जाईल, अशी दवंडी पिटवली. आपला रस्ता निवडला जावा म्हणून लोकांनी घरे झाडली, दुरुस्त केली, आणि गाड्याच्या गाड्या भरून केर बाहेर निघाला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता आणि त्यांच्या मागून स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, फुलांनी सजवलेले झाडू घेतलेले सफाई कामगार होते. शेवटी राक्षस जाळला आणि तुळशीची रोपे वाटली. एरवी ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, ती माणसे त्या दिवशी मिरवणुकीत मानाने चालली. दुसऱ्या दिवशी किती घरांनी त्यांना पाणी विचारले असेल, हा प्रश्न मात्र मनात येतोच.

गेडिस गेले. त्यांच्यामागून काही वर्षांनी, १९२४ साली, इंदुरात इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री ही कापसाच्या संशोधनाची संस्था उभी राहिली. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक होते. आपल्या शेतकऱ्यांकडून आणि चीनमधल्या शेतीच्या वर्णनांवरून शिकत त्यांनी कुजवण्याची एक शिस्तशीर पद्धत बसवली. जगभर तिला आजही इंदूर पद्धत म्हणतात. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल खड्डा. त्यात पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली गोठ्यातली माती आणि राख यांचे थरावर थर. ओल बेताची ठेवायची, हवा खेळती ठेवायची, तीन वेळा ढीग उलटायचा. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीच्या वासाचे खत तयार. यातले काहीही आपल्या आजीला नवे नव्हते. नवे होते ते मोजमाप, वेळापत्रक आणि कारणमीमांसा.

या पद्धतीचे पुस्तक १९३१ साली ऑक्सफर्डने काढले. त्यावर दोन नावे आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. वाड हे संस्थेतले रसायनशास्त्राचे जाणकार. हॉवर्ड यांचे नाव सेंद्रिय शेतीच्या प्रत्येक ग्रंथात येते, वाड यांचे क्वचितच. हॉवर्ड त्याच वर्षी इंदूर सोडून गेले, वाड काम करीत राहिले. शेतातल्या काडीकचऱ्यासाठी बसवलेली ही पद्धत माणसांच्या वस्तीतल्या केराला आणि मैल्याला कशी लावावी, यावर जॅक्सन आणि वाड यांची पुस्तिका १९३४ साली निघाली. म्हणजे आज ज्याला आपण घनकचरा व्यवस्थापन म्हणतो, त्यावरची एक शास्त्रीय पुस्तिका नव्वद वर्षांपूर्वी आपल्या गावात लिहिली गेली होती. एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदुरात आले, तेव्हा ते मुद्दाम या संस्थेत जाऊन हे खड्डे पाहून आले आणि पुढे ‘हरिजन’मधून त्यांनी या खताविषयी लिहिले.

आता साहजिकच विचाराल, की गावाला १९१८ साली तत्त्व कळले होते आणि १९३४ साली कृती हाती होती, तर मग देवगुराडियाला कचऱ्याचा डोंगर कसा झाला?

तिथल्या जागेला आपण ट्रेंचिंग ग्राउंड म्हणतो. या नावातच जुना इतिहास आहे. ट्रेंच म्हणजे चर. इंग्रजी अमदानीत गावाबाहेर लांब चर खणून त्यांत मैला आणि केर टाकीत आणि वर माती ओढीत. काही काळाने ती जमीन कसदार होई. चर गेले, नाव राहिले. स्वातंत्र्यानंतर गाव वाढले, रासायनिक खत स्वस्त झाले, शहरी खताला गिऱ्हाईक उरले नाही. मग प्लास्टिक आले. ओला आणि सुका केर एकाच पिशवीत बांधला की आतली हवा कोंडते. तो नीट कुजत नाही, सडतो. त्यातून मिथेन निघतो, ढीग पेट घेतो, काळे पाणी जमिनीत मुरते. वाड यांच्या पद्धतीला लागतो निवडलेला केर. आपण पाठवीत होतो खिचडी. पद्धत चुकली नव्हती, ओट्यापाशी निवडण्याची सवय सुटली होती.

इथे मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगितल्याशिवाय इतरांना उपदेश करण्याचा मला अधिकार नाही.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत होता. काचेच्या एक ड्रामच्या बाटल्या फुटत, त्या मी कागदात गुंडाळून घरच्याच केराच्या टोपलीत टाकी. भाजीच्या सालींबरोबर त्या बोळाच्या तोंडाशी असलेल्या पेटीत जात. “अहो, काच वेगळी ठेवत जा,” असे सौभाग्यवतींनी चारदा सांगितले होते. एका सकाळी आमच्या बोळात झाडणारी बाई ओढणीत हात गुंडाळून दारात उभी राहिली. तळव्यात खोल जखम. मी ती धुतली, पट्टी बांधली आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी सरकारी रुग्णालयात पाठवले. जाताना तिने दुसऱ्या हातातला काचेचा तुकडा टेबलावर ठेवला. “यही लगा, डाक्टर साब.” तुकड्याला चिठ्ठीचा कोपरा चिकटलेला होता आणि त्यावर माझ्या अक्षरात आकडा होता: २००. औषधाची शक्ती दाखवणारा आकडा. तिने फी विचारली. मी नको म्हटले, आणि ती मला दुवा देऊन गेली. बाटली माझीच होती हे मी तिला सांगितले नाही. आज तीस वर्षांनी आपल्यापुढे सांगतो आहे.

त्या वेळी माझ्यावर कोणता नियम लागू होता? दवाखान्यांच्या कचऱ्याचे देशव्यापी नियम १९९८ साली आले. गावाच्या कचऱ्याचे नियम त्याहूनही नंतर. १९९४ साली सुरतेला प्लेग झाला आणि सारा देश हादरला. १९९६ साली बंगळुरूच्या अलमित्रा पटेल यांनी शहरांच्या उघड्या उकिरड्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्या खटल्याच्या रेट्याने २००० साली पहिले नियम झाले. त्यांचा मुख्य भार नगरपालिकांवर होता: घरोघरून कचरा उचला, झाकून न्या, प्रक्रिया करा, उरलेलेच पुरा. कागदावर उत्तम. पण ओट्यापाशी काही बदलले नाही.

८ एप्रिल २०१६ च्या नियमांनी पहिल्यांदा बोट थेट गृहस्थाकडे दाखवले. त्या नियमांनुसार ज्याच्या घरी कचरा होतो त्यानेच तो तीन वाटांनी वेगळा करायचा होता: ओला, सुका आणि घरगुती घातक. तिसऱ्यात रंगाचे डबे, ट्यूबलाइट, बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधे, फुटलेले थर्मामीटर, वापरलेल्या सुया. डायपर आणि सॅनिटरी पॅड वेगळे गुंडाळून द्यायचे होते. रस्त्यावर किंवा गटारात कचरा टाकू नये, जाळू नये, पुरू नये. शुल्क द्यावे, चुकल्यास दंड भरावा. शंभर वर्षांचा हा प्रवास उलट्या दिशेने झाला आहे. नियम उकिरड्यापासून निघाला आणि शेवटी ओट्यापाशी आला, म्हणजे जिथून तो सुटला होता तिथेच.

पुढचे आपल्या डोळ्यांदेखत घडले. बोळाच्या तोंडाशी असलेल्या पेट्या गेल्या, गाणे वाजवीत गाडी दाराशी येऊ लागली, गाडीत निरनिराळे कप्पे झाले. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरचे नाव वर्षानुवर्षे पहिले आले. देवगुराडियाचा सुमारे १३ लाख टनांचा जुना ढीग २०१८ साली उकरून, चाळून, निवडून हलवला आणि सुमारे शंभर एकर जागा मोकळी झाली. त्याच परिसरात १९ फेब्रुवारी २०२२ रोजी रोज ५५० टन ओला कचरा घेणाऱ्या आणि त्यापासून वायू व खत करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. त्याला घरातला ओला कचरा निवडलेलाच लागतो. म्हणजे वाड यांच्या खड्ड्याची अट आजही तीच आहे.

म्हणीतल्या बारा वर्षांना इथे शंभर लागली. मी या यशाचा अभिमान बाळगतो. पण एक सावधगिरी सुचवतो. पहिला क्रमांक गावाला मिळतो, जखम मात्र एकाच हाताला होते. आपण सुक्यात चुकून टाकलेली सुई किंवा काच यंत्राच्या आधी कोणाच्या तरी बोटांना भेटते. आमच्या जैन मुनींच्या आचारात पाच समिती आहेत. त्यांतली पाचवी उत्सर्ग समिती. टाकायची वस्तू जागा नीट पाहून, तिथे जीव नाही याची खात्री करून मगच टाकावी, एवढाच तिचा अर्थ. लहानपणी पाठ केली होती. तिचा अर्थ त्या २०० च्या तुकड्याने शिकवला. मी मुंगी पाहत होतो, बाई पाहिली नव्हती.

तेव्हापासून माझ्या दवाखान्यात काचेसाठी जाड पुठ्ठ्याचा खोका आहे. तो भरला की चिकटपट्टीने बंद होतो, वर ठळक अक्षरात ‘काँच’ असे हिंदीत लिहिले जाते, कारण उचलणाऱ्याला तेच वाचता येते, आणि दवाखान्याचा कचरा नेणाऱ्या गाडीत तो जातो. यात विद्वत्ता काही नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे वाडे जाऊन फ्लॅट झाले आहेत, परस कोणालाच नाही. पण ओटा प्रत्येकाला आहे. आजीने जे न लिहिता पाळले, वाड यांनी मोजून लिहिले आणि सरकारने दंड लावून सांगितले, ते करायला तेवढी जागा पुरते.